पातेलं एक, जेवणारे पाच: जेवणाचा प्लॅन करणाऱ्या अ‍ॅपचा रिव्ह्यू

आठवड्याच्या जेवणाचा प्लॅन करून देणारी अ‍ॅप्स आता ढिगाने मिळतात, पण त्यातली बहुतेक एकट्या माणसासाठी बनवलेली असतात, म्हणजे जो स्वतःपुरतं शिजवतो, स्वतःच खातो आणि सोमवारी सकाळी ठरवलं तर सोमवारी दुपारी ओट्स खाऊ शकतो. पुण्यात असे लोक आहेतच, हिंजवडी-वाकडला फ्लॅट शेअर करून राहणारी मुलंमुली आहेत, त्यांचं त्यात छान भागतं. पण कोथरूडसारख्या ठिकाणी अजूनही बहुतेक घरात स्वयंपाक एकदा होतो आणि तोच सगळे खातात. आमच्याकडे सासूबाई, सासरे, नवरा, मी आणि मुलगी. सासऱ्यांना शुगर, सासूबाईंना बीपी, नवऱ्याला वजन कमी करायचंय, मुलगी वाढत्या वयाची आणि मला आयर्न कमी आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. आता पाच माणसांचे पाच प्लॅन केले तर गॅसच्या शेगड्या किती लागतील सांगा.

म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. आम्ही वापरतो त्या कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये जेवणाचं नियोजन असा नवीन भाग आलाय आणि त्यात 'घर' नावाचा मोड आहे. अ‍ॅपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, काही गोष्टींवर तक्रार आहे आणि मला कुणाची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही नाही. असा मोड अजूनही कुणी आणला असेल किंवा आणेल तर त्यात काय बघायचं हे कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जे मनापासून आवडलं ते. घर मोडमध्ये तुम्ही माणसापासून सुरुवात करत नाही, पातेल्यापासून करता. म्हणजे 'मंगळवार रात्र, आमटी' असं टाकलं की ते विचारतं तूरडाळ किती, तेल किती, गूळ किती, आणि मग शिजलेल्या पातेल्यातून कोणी किती वाट्या घेतल्या ते प्रत्येकाच्या नावावर वाटून देतं. ऐकायला साधं वाटतं पण याने आमच्या घरात पहिल्यांदा खरं चित्र दिसलं. आमच्याकडे पाच जणांच्या आमटीला साधारण दीडशे ग्रॅम डाळ लागते. तूरडाळीत शंभर ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे अख्ख्या पातेल्यात तेहेतीसच्या आसपास, पाच जणांत वाटले तर प्रत्येकाला साडेसहा ग्रॅम. एका अंड्याएवढं! आणि आम्ही सगळे इतकी वर्षं 'रोज वरण खातो की, प्रोटीन मिळतंच' या समजुतीत. आधी अ‍ॅपच्या तयार यादीतून '१ वाटी डाळ' निवडायचो तेव्हा आकडा बराच जास्त दिसायचा, कारण ती वाटी घट्ट डाळीची आणि आमची आमटी पातळ, भातावर घ्यायची.

हा कच्च्या आणि शिजलेल्या वजनाचा घोळ फार अ‍ॅप्समध्ये आहे. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय पदार्थांचे पोषणमूल्यांचे तक्ते काढलेत, ५२८ खाद्यपदार्थ आहेत त्यात, पण ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे. आपण डाळ शिजवली की ती पाणी पिऊन अडीच-तीन पट होते, त्यामुळे कच्च्या डाळीचा आकडा शिजलेल्या वाटीला लावला की सगळं चुकतं आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. पातेल्यापासून मोजलं की हा प्रश्नच येत नाही, डब्यातून किती डाळ काढली तेवढंच सांगायचं, पाणी किती घातलं ते तुमचं तुम्ही. ज्याने कुणी हे डिझाइन केलं त्याने कधीतरी स्वयंपाकघरात उभं राहून बघितलंय हे नक्की.

प्रोटीनवरून आठवलं, याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. अ‍ॅप हाच हिशोब धरतं हे चांगलं आहे, जिमवाल्यांचा दुप्पट-तिप्पट आकडा सगळ्यांच्या माथी मारत नाही. पण मग त्याच अ‍ॅपच्या 'दुकान' टॅबमध्ये प्रोटीन पावडर विकायला ठेवलीये आणि प्लॅनमध्ये प्रोटीन कमी पडलं की खाली तिचाच डबा दिसतो. २०२४ च्या मे महिन्यात संस्थेने भारतीयांसाठी जी १७ आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात शरीर कमवायला प्रोटीन सप्लिमेंट्स घेणं टाळा असं सरळ लिहिलंय. अ‍ॅपचं हे पावडर विकणं मला पटत नाही. प्लॅन करणारा आणि माल विकणारा एकच असेल तर प्लॅनवर विश्वास कसा ठेवायचा? तिथे भाजलेले दाणे, ताक, उसळ, अंडं असं सुचवलं असतं तर किती बरं झालं असतं. दाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, आणि कूट तर आपल्या अर्ध्या भाज्यांत पडतोच.

आता उपवास. पुण्यातल्या घरासाठी अ‍ॅप चांगलं की वाईट हे मी इथेच ठरवते. पहिल्या व्हर्जनमध्ये उपवास म्हटलं की टायमर सुरू व्हायचा, सोळा तास काही खायचं नाही आणि आठ तासांत खायचं, ते परदेशी पद्धतीचं. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, उद्या संकष्टी आहे, चंद्रोदय साडेनवाला. हे तर मला आठनंतर जेवू नका म्हणतंय." बरोबरच होतं त्यांचं. एकादशी दिवसभर असते आणि दुसऱ्या दिवशी सोडतात, संकष्टी त्याच रात्री चंद्र बघून सोडतात, श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडतात, हे तिन्ही वेगळे आणि त्या त्या दिवशीचा स्वयंपाकही वेगळा. संकष्टीला रात्री उशिरा पूर्ण जेवण असतं, वरणभात, भाजी, आणि जमलं तर मोदक, त्यामुळे दुपारचं हलकं आणि रात्रीचं भारी असाच प्लॅन हवा, कितीही डाएट असलं तरी.

नवीन व्हर्जनमध्ये हे बरंच सुधारलंय. संकष्टी आणि एकादशीच्या तारखा आपोआप येतात, चंद्रोदयाची पुण्याची वेळ दिसते आणि आठनंतरची ती सूचना त्या दिवशी बंद राहते. आणि सगळ्यात छान म्हणजे उपवासाची यादी प्रत्येक घराने आपली ठरवायची. आमच्याकडे उपवासाला जिरं, आलं, कोथिंबीर चालते, माझ्या माहेरी कोथिंबीर चालत नाही, शेजारच्या काकूंकडे तर भगरही एकादशीला नाही. ते सगळं खूण करून ठेवता येतं. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, दाणे, दही असे पदार्थ आधीच दिलेत.

आणि इथे एक काम खूप चांगलं केलंय. साबुदाण्याची खिचडी टाकली की नुसतं लाल रंगात 'जास्त कार्ब्स' असं ओरडत नाही, तर दाखवतं की पन्नास ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पावणेदोनशे कॅलरी आणि प्रोटीन जवळजवळ शून्य, जे काही प्रोटीन येतंय ते कुटातून येतंय, म्हणून साबुदाणा थोडा कमी आणि कूट थोडा जास्त करा, बरोबर दही घ्या. किंवा भगर आणि दाण्याची आमटी. हे कुठल्याही आजीला पटेल असं सांगणं आहे. सासऱ्यांसाठी मात्र आम्ही अ‍ॅपचं ऐकत नाही, त्यांच्या उपवासाचं त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं, गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. अ‍ॅपने तिथे मोठ्या अक्षरात हे लिहायला हवं होतं, सध्या ते सेटिंगमध्ये अगदी तळाशी आहे.

पूर्वतयारीचा भाग मात्र अर्धवट राहिलाय आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. आपलं जेवण आदल्या रात्री सुरू होतं, कधी कधी त्याच्याही आदल्या रात्री. बुधवारी दुपारच्या डब्याला मटकीची उसळ प्लॅनमध्ये आहे, ठीक. आठवण कधी आली? मंगळवारी रात्री नऊला, 'मटकी भिजत घाला'. आता मंगळवारी रात्री भिजत घातली तर बुधवारी सकाळी ती फक्त भिजलेली असते, मोड कुठून येणार? मटकी आठ-दहा तास भिजवायची, उपसायची, पाणी निथळून फडक्यात घट्ट बांधायची आणि मग किमान दहा-बारा तास उबेला ठेवायची, तेव्हा कुठे बारीक मोड दिसायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात थंडी असते तेव्हा अजून वेळ लागतो, मी फडकं डब्यात घालून तो डबा ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवते. म्हणजे बुधवारच्या उसळीची आठवण सोमवारी रात्री यायला हवी आणि दुसरी मंगळवारी सकाळी, 'उपसून बांधा' अशी. इडलीच्या पिठाचंही तेच, उन्हाळ्यात रात्रीत आंबतं आणि थंडीत दुपारपर्यंत वाट बघावी लागते. हे कोडवाल्यांना अवघड नाही हो, प्रत्येक पदार्थाला तयारीचे तास जोडायचे आणि ऋतूप्रमाणे वाढवायचे.

दळणाचंही असंच राहिलंय. खरेदीची यादी आपोआप बनते, ती छान आहे, किराणा वेगळा आणि भाजी वेगळी दाखवते, त्यामुळे शनिवारी महात्मा फुले मंडईत जाताना फक्त भाजीची यादी समोर ठेवता येते. पण ज्वारी म्हटलं की तिला 'पीठ, पाकीट' एवढंच माहितीये. आमच्याकडे ज्वारी आणून गिरणीतून थोडं थोडं दळून आणतात कारण ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरा पडतात आणि उलटताना तुटते. तर आठवड्यात तीन वेळा भाकरी असेल तर 'दळण आणा' हे यादीत हवंच, आणि पीठ कधी दळलंय याची तारीख टाकायची सोय हवी. मी सध्या नोट म्हणून टाकते. नोटची जागा दिलीये हे चांगलं, गुरुवारी पाणी बंद असतं त्या आठवड्यात मी गुरुवारवर 'पाणी नाही, पालेभाजी नको' असं लिहून ठेवते, कारण पालक-मेथी तीन-चार पाण्यातून धुवायची तर बादल्या कुठून आणायच्या.

पोळ्यांचा भाग सांगायलाच हवा कारण पुण्यात किती घरात पोळ्या बाहेरच्या हाताच्या असतात. आमच्याकडे मावशी येतात सकाळी. अ‍ॅपच्या यादीत 'चपाती मध्यम' आहे, पण मावशींची घडीची पोळी, तेल लावून चौपदरी, ती त्या मध्यममध्ये बसत नाही. मी एकदा कणीक मोजून घेतली आणि झालेल्या पोळ्यांनी भागलं, मग 'मावशींची पोळी' म्हणून आमचा पदार्थ सेव्ह केला, आता सगळ्यांच्या नावावर तीच जाते. हे करता येतं ही सोय फार मोलाची आहे, करून बघा. तेल मात्र वेगळं टाका, पोळीला चमचाभर तेल म्हटलं तरी ४५ कॅलरी असतात आणि तीन पोळ्या खाल्ल्या की तेवढ्यावरच सव्वाशेच्या वर जातं. नवऱ्याचं वजन का हलत नव्हतं ते तिथे सापडलं, भाजीत नाही. आता त्याचे दोन फुलके करतात मावशी, तक्रार न करता, त्यांचे मनापासून आभार.

पण पोळी-भाजी केंद्रातून आणलं तर? इथे अ‍ॅप हात वर करतं. आठवड्यातून एखाद दिवस सगळेच ऑफिसमधून दमून येतात आणि केंद्रातून भाजी येते, आमच्या भागात दर दोन गल्ल्यांमागे एक केंद्र आहे. पातेलं आपलं नसल्यामुळे तेल-मीठ माहीत नाही, मग ते हॉटेलचा पदार्थ निवडा म्हणतं आणि हॉटेलची पनीरची ग्रेव्ही आणि केंद्राची फरसबीची भाजी एकाच माळेत बसवतं. 'घरगुती, बाहेरून' असा एक मधला प्रकार हवा, अंदाजे आकड्यांचा, आणि अंदाज आहे हे स्पष्ट सांगणारा. रविवारची मिसळ मात्र आम्ही रिकामी ठेवतो. 'बाहेर' अशी खूण केली की तो रकाना करडा होतो, बेरीज मागत नाही, रागवत नाही. हे बरोबर आहे. रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलवर बसून तर्रीतलं तेल कुणी मोजू नये.

उरलेल्याचं काय करायचं हे अ‍ॅपला हळूहळू कळायला लागलंय. रात्रीच्या चार पोळ्या उरल्या असं टाकलं तर सकाळच्या नाश्त्यात फोडणीची पोळी सुचवतं, भात उरला तर फोडणीचा भात, आणि मुख्य म्हणजे आधीच ठरलेला नाश्ता पुढच्या दिवशी सरकवतं, पुसून टाकत नाही. तसंच सरकवणं भाजीला लागू व्हायला हवं, कारण मंगळवारच्या प्लॅनला गवार होती आणि गवार कोवळी मिळाली नाही तर मी ती आणत नाही, त्यादिवशी जे ताजं असेल ते आणते. सध्या भाजी बदलली की अख्खा आठवडा परत बनवतं आणि सासऱ्यांसाठी नीट बसवलेलं सगळं विस्कटतं. फार चिडचिड होते याने. हवी तर 'फळभाजी, कुठलीही' अशी मोकळी जागा द्या.

आणि ऋतू कुठे आहे यात? जानेवारीत मंडईत हरभऱ्याच्या गड्ड्या, मटार, गाजरं, मुळे भरभरून असतात आणि प्लॅन मात्र ब्रोकोली आणि झुकिनीवर अडलेला. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं न खाणारी घरं आहेत, ती सोय दिलीये, पण तारखा स्वतः टाकाव्या लागतात. एप्रिल-मेत आंबा येणारच, तो 'टाळा' म्हणून चालणार नाही, आमरसाच्या दिवशी बाकीचं काय कमी करायचं ते सांगा.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट लिहायलाच हवी. तिच्या प्रोफाइलला आम्ही 'आकडे लपवा' चालू केलंय, म्हणजे तिला कॅलरी, वजन काही दिसत नाही, फक्त आज ताटात काय आहे आणि डाळ, भाजी, फळ, दूध यातलं काय राहिलं तेवढंच. अठराखालच्या प्रोफाइलला हे आपोआपच चालू असतं आणि वजन कमी करायचं ध्येय टाकूच देत नाही. माझ्या मते अख्ख्या अ‍ॅपमधला हा सगळ्यात जबाबदारीने घेतलेला निर्णय आहे. या वयात मुली आरशासमोर उभ्या राहून स्वतःला काय काय बोलत असतात ते आयांना माहिती असतं, त्यात फोनने रोज लाल आकडा दाखवायची काही गरज नाही. माझ्यासाठीही असंच काही करता येईल का असं सासूबाईंनी विचारलं, त्यांनाही चालू करून दिलं. त्यांना फक्त मिठाचं दिसतं, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. पातेल्यात मीठ कमी घालायचं आणि ज्यांना हवं त्यांनी लोणचं वेगळं घ्यायचं हे अ‍ॅपने सुचवलं आणि आमच्याकडे ते टिकलं, कारण सगळ्यांचं पातेलं एकच राहिलं आणि आईंना वेगळं आळणी जेवण वाढलंय असं झालं नाही.

पैशाचं सांगते. घर मोड फुकट मिळत नाही, वर्षाचे पैसे एकदम भरावे लागतात, पण सहा प्रोफाइल एकाच वर्गणीत बसतात आणि सासूसासऱ्यांना स्वतःचा फोन चालवायची गरज नाही, माझ्या फोनवरून सगळ्यांचं होतं. मराठी भाषांतर ठीकठाक आहे. फोनमधले कॉन्टॅक्ट्स मागतं, ते देऊ नका, नाही म्हटलं तरी सगळं चालतं. घरातल्यांच्या शुगर-बीपीचे आकडे आपण त्यात भरतो तर निदान ती माहिती पुसायचं बटण सहज सापडायला हवं, मला ते मदत विभागाला मेल करून विचारावं लागलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि नीट आलं.

एकटे राहात असाल आणि डबा लावलेला असेल तर हे घेऊ नका, तुमच्या कामाचं यात काही नाही. घरात स्वयंपाक होत असेल, कुणाला तरी पथ्य असेल आणि प्रत्येकासाठी वेगळं रांधायची ताकद नसेल तर घ्या, मोड आलेल्या कडधान्यांच्या आठवणी स्वतः लावून घ्यायची तयारी ठेवून. फुकट ट्रायल मिळते, ती सुरू करताना कॅलेंडर बघून संकष्टी किंवा एकादशी मध्ये येईल असे दिवस निवडा, आणि पहिल्याच दिवशी आपली वाटी पाण्याने भरून ती किती मिलीची आहे ते मोजून अ‍ॅपमध्ये टाका, नाहीतर पुढचं काहीच जुळत नाही.